‘दुर्मिळ पक्षी’ ठरवायचा कसा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरून हवेत गारवा आला की पुण्यात एक बातमी हमखास छापून येते: अमुक सोसायटीच्या गॅलरीत किंवा तमुक टेकडीवर ‘दुर्मिळ पक्षी’ आढळला. सोबतच्या छायाचित्रात बहुतेक वेळा राखी धनेश, गव्हाणी घुबडाचे पिल्लू किंवा स्वर्गीय नर्तक असतो. तिन्ही पाहत राहावेत असेच. पण तिन्ही पुण्याचे कायमचे रहिवासी किंवा ठरलेले पाहुणे. एवढ्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते. धनेशाला दुर्मिळ म्हणण्याची सवय लागली की खरोखर वाट चुकून आलेल्या पक्ष्याची बातमीही त्याच रांगेत बसते आणि तिच्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. शिवाय दुसऱ्या दिवशी कॅमेरे घेऊन लोक त्या झाडाखाली जमतात. तिथे घरटे असेल तर पुढे काय होते, ते सांगायला नको. म्हणून अनोळखी पक्षी दिसल्यास तो ओळखावा कसा आणि दुर्मिळ म्हणावा केव्हा, हे जरा तपशिलात लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण हा विषय चार ओळींत मावणारा नाही.

पक्षी समोर असेपर्यंत त्याच्याकडेच पाहावे. पुस्तक किंवा अॅप तेव्हा उघडू नये. एकदा छापील चित्र डोळ्यांसमोर आले की आठवण त्या चित्राकडे सरकते आणि न पाहिलेली पांढरी भुवईसुद्धा ‘पाहिल्यासारखी’ वाटू लागते. पक्षी उडून गेल्यावर आधी कागदावर लिहावे, जमेल तसे वेडेवाकडे चित्र काढून खुणा करून ठेवाव्यात आणि मगच पुस्तक हातात घ्यावे.

सुरुवात आकारापासून करावी. नुसते ‘मोठा’ किंवा ‘छोटा’ लिहून काही कळत नाही. सगळ्यांच्या ओळखीच्या पक्ष्यांची पट्टी वापरावी: चिमणी सुमारे १५ सेंटिमीटर, बुलबुल २०, साळुंकी २३, पारवा ३३, गावकावळा ४३ आणि घार ६१. ‘बुलबुलापेक्षा मोठा, साळुंकीपेक्षा सडपातळ’ एवढे लिहिले तरी निम्मे पर्याय गळून पडतात. मात्र एकट्या, मोकळ्या आकाशात किंवा रिकाम्या तारेवर बसलेल्या पक्ष्याच्या आकाराचा अंदाज अनुभवी माणसाचाही चुकतो. शेजारी दुसरा पक्षी असेल तर त्याच्याशी तुलना करावी, नसेल तर तसे नोंदवावे. धुक्यात पक्षी मोठा भासतो. थंडीत पिसे फुलवून बसलेला पक्षी गुबगुबीत दिसतो, तोच उन्हात सडपातळ होतो.

त्यानंतर चोच पाहावी, कारण चोच उजेडाने बदलत नाही. ती जाड की बारीक, सरळ की टोकाला वाकलेली, डोक्याच्या लांबीइतकी की दुप्पट, हे बघावे. मग पाय, मग शेपटी: लांब की आखूड, टोक दुभंगलेले की गोल, बसल्यावर पंखांची टोके शेपटीच्या टोकापर्यंत पोचतात की अलीकडेच थांबतात. चेहऱ्यावर तीन रेषा शोधाव्यात: डोळ्यावरची भुवई, डोळ्यातून जाणारी पट्टी आणि चोचीच्या मुळापासून खाली उतरणारी मिशी. पंख मिटलेले असताना त्यांवर आडवे पट्टे किती, उडताना कंबर पांढरी दिसते का, शेपटीच्या कडा पांढऱ्या आहेत का, हेही पाहावे. रंग यानंतर. पुस्तकात रंगच आधी नजरेत भरतो, पण झाडाखाली उभे राहिल्यावर सगळ्यात जास्त फसवणूक त्यानेच होते. पक्ष्याच्या पाठीमागून ऊन आले की साधी साळुंकीसुद्धा काळी दिसते, आणि संध्याकाळच्या तांबड्या उजेडात पांढरी छाती नारिंगी होते.

वागणुकीची नोंद बरेच जण करत नाहीत, आणि नेमकी तीच नोंद उपयोगी पडते. पुण्याजवळच्या कवडीपाटच्या बंधाऱ्यावर चिखलात बुलबुलाएवढा तपकिरी पक्षी फिरतोय, बुड सतत वरखाली करतोय, छातीचा पांढरा रंग पंखाच्या पुढे खांद्याकडे टोकासारखा वर चढलाय, उडाला की पाण्यालगत ताठ पंखांनी थरथरत जातो आणि पंखावर पांढरी रेषा दिसते. एवढे लिहून आणले तर छायाचित्राची गरज नाही. तो सामान्य तुतवार. तिथेच त्याचे दोन नातलग असतात. हिरवा तुतवार उडताना पंखाखालून गडद दिसतो आणि त्याची पांढरी कंबर त्यामुळे ठळक उठते. ठिपकेवाल्या तुतवाराच्या पंखांची खालची बाजू फिकट असते. बसलेल्या अवस्थेत दोघांत घोटाळा होतो, उडाल्यावर सहसा होत नाही. म्हणून पक्षी उडाला की ‘गेला’ म्हणून दुर्बीण खाली घेऊ नये. (दुर्बीण ८ × ४२ ची पुरते. म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी. त्याहून जास्त ताकदीची दुर्बीण हातात स्थिर धरणे अवघड जाते आणि झाडीत पक्षी सापडेपर्यंत तो निघून जातो.)

आता पुण्यात वारंवार ‘दुर्मिळ’ ठरणाऱ्या नेहमीच्या पक्ष्यांकडे वळू. यादीत पहिला मान पावशाचा. ‘पेर्ते व्हा’ ही त्याची साद सगळ्यांना ठाऊक असते, पण हिवाळ्यात तो गप्प असतो. मग राखाडी पाठीचा, पोटावर तांबूस आडव्या रेघांचा हा पक्षी फांदीवर दिसला की लोक त्याला ससाणा किंवा ‘वेगळाच शिक्रा’ ठरवतात. साम्य खरेच विलक्षण आहे. तो शिक्र्यासारखाच चार फटके मारून तरंगत जातो आणि लहान पक्षी त्याला पाहून ओरडा करतात. फरक चोचीत आणि पायांत. शिक्र्याची चोच आखूड आणि आकडेदार, पाय लांब पिवळे आणि नख्या भेदक असतात. पावशाची चोच जवळजवळ सरळ, डोळ्याभोवती पिवळे कडे, पाय दुबळे, दोन बोटे पुढे आणि दोन मागे. फांदीवर उतरताना तो शेपटी डावीउजवीकडे हलवतो. कोकिळेची मादीही अशीच गोंधळात टाकते: तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, शेपटीवर पट्टे. तिचे लाल डोळे आणि हिरवट चोच पाहिली की प्रश्न मिटतो.

दुसरा वंचक. वर्षभर नदीकाठी मातकट रंगात उभा असलेला हा पक्षी विणीच्या दिवसांत पाठीवर गडद तांबूस-जांभळी शाल पांघरतो आणि जून उजाडला की ‘हा कोणता नवा बगळा?’ अशी विचारणा सुरू होते. गायबगळ्याचे डोके, मान आणि पाठ त्याच सुमाराला नारिंगी होते. पांढऱ्या बगळ्यांत तर रंगावर भिस्त ठेवणेच चुकीचे. मोठ्या बगळ्याची पिवळी चोच विणीच्या काळात काळी होते, मध्यम बगळ्याचीही होऊ शकते. तिथे तोंडाची रेघ पाहावी: मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच संपते. लहान बगळा त्याच्या काळ्या चोचीवरून आणि काळ्या पायांच्या पिवळ्या पंजांवरून लगेच ओळखता येतो, पण पंजे चिखलात असतील तर तो चालेपर्यंत थांबावे लागते.

वयाने होणारा फरकही मोठा असतो. रातबगळ्याचे पिल्लू मोठे झाले तरी दुसऱ्या वर्षापर्यंत तपकिरी राहते, पंखांवर पांढुरके टपोरे ठिपके असतात आणि राखाडी-काळ्या आईबापांशी त्याचे काहीच जुळत नाही. ब्राह्मणी घारीचे पिल्लू तपकिरी असते. पांढरे डोके आणि विटकरी अंग नंतर येते. गव्हाणी घुबडाची पिल्ले जुन्या इमारतींच्या डक्टमध्ये, पोटमाळ्यावर वाढतात. पांढरी लव, बदामाच्या आकाराचा चेहरा आणि फुत्कारल्यासारखा आवाज एवढ्यावर त्यांचे व्हिडिओ ‘परदेशी पक्षी’ किंवा त्याहून भलत्याच नावाने फिरतात. हा पक्षी उंदीर खाऊन आपल्यावर उपकार करतो. पिल्ले दिसली तर त्यांना तिथेच राहू द्यावे, आईबाप रात्री येतात.

‘हमिंगबर्ड दिसला’ हे तर छापूच नये. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. आपल्या जास्वंदीवर दिसतो तो शिंजीर, नाहीतर फुलासमोर हवेत स्थिर राहून लांब सोंडेने मध पिणारा एक पतंग. जांभळ्या शिंजिराचा नर विणीनंतर चकाकी टाकून देतो. खालून पिवळा आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी उभी पट्टी, असा त्याचा हिवाळी वेश असतो आणि तोही दर वर्षी ‘नवी जात’ म्हणून येतो.

धोब्यांची गल्लत अधिक नाजूक आहे. सप्टेंबरात सिंहगडाच्या ओढ्यावर पोटाखाली पिवळा धम्मक धोबी दिसतो आणि लोक त्याला पिवळा धोबी म्हणतात. तो करडा धोबी. पाठ राखाडी, शेपटी सगळ्या धोब्यांत लांब, पाय फिकट तपकिरी आणि आवड सावलीतल्या वाहत्या पाण्याची. पिवळ्या धोब्याची पाठ हिरवट, पाय काळे, शेपटी तुलनेने आखूड आणि तो उघड्या ओल्या गवतात, गुरांच्या पायांत फिरतो. शेपटी आणि पाय पाहिले की पिवळ्या रंगाकडे पाहावेही लागत नाही. बारा महिने दिसणारा थोरला धोबी काळ्या डोक्यावरच्या ठळक पांढऱ्या भुवईवरून, आणि हिवाळी पांढरा धोबी पांढऱ्या चेहऱ्यावरून ओळखावा.

काही पक्षी खरेच वेगळे दिसतात, पण जात नेहमीचीच असते. पांढरा कावळा किंवा पांढरी साळुंकी ही रंगद्रव्याच्या कमतरतेची बाब आहे. डोळे लाल-गुलाबी असतील आणि अंगावर काळ्या-तपकिरी रंगाचा ठिपकाही नसेल तर पूर्ण वर्णहीनता. डोळे नेहमीचे आणि पांढरेपण ठिगळाठिगळांनी असेल तर अंशतः. अशा पक्ष्याची नोंद घेण्यासारखी असते, पण ती ‘दुर्मिळ जात’ नव्हे. पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांचेही असेच. पुण्यात पाळीव पक्ष्यांचा मोठा बाजार आहे, तेव्हा गॅलरीत उतरलेले बजरीगर, कॉकटील किंवा लव्हबर्ड कुठून आले हे उघड आहे. पहिले दोन ऑस्ट्रेलियाचे, तिसरा आफ्रिकेचा. घासलेली शेपटी, वाढलेल्या नख्या, माणसाचे भय नसणे आणि पायात सांधा नसलेली बंद कडी या पिंजऱ्यातून सुटल्याच्या खुणा. मुनिया भडक हिरव्या-नारिंगी रंगात रंगवून विकल्या जातात. त्या उडाल्या की पाहणारा चक्रावतो. रंग पिसांच्या टोकांवरून उडालेला आणि ठिकठिकाणी पुसटलेला दिसला की तो बाटलीतला रंग समजावा.

एवढे करून जात निश्चित झाली, की पुढचा प्रश्न: दुर्मिळ का? इथे एका प्रश्नात चार प्रश्न मिसळलेले असतात आणि ते सुटे केल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

पहिला ठिकाणाचा. पुणे जिल्हा म्हणजे एक प्रदेश नाही. ताम्हिणीच्या घाटात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बारामती-इंदापूरकडे जेमतेम पाचशे. शंभरएक किलोमीटरमध्ये सदाहरित झाडीपासून उघड्या माळापर्यंत सगळे बदलते. शीळकरी कस्तूर ताम्हिणीत पावसाळ्यात गातो यात नवल नाही. तोच सुप्याच्या माळावर दिसला तर नोंद सोडू नये. मलबारी राखी धनेश घाटातला. शहरातल्या वडा-पिंपळांवर ओरडत फिरतो तो साधा राखी धनेश, ज्याच्या चोचीवर छोटे शिंग असते. घाटातल्या भाईबंदाला ते नसते. त्यामुळे ‘पुण्यात’ एवढे लिहून भागत नाही, तालुका आणि अधिवास लिहावा लागतो.

दुसरा काळाचा. चातक पावसाबरोबर येतो, पावसानंतर जातो. जूनमधला चातक ही आनंदाची गोष्ट, जानेवारीतला चातक ही बातमी. चक्रवाक हिवाळ्यात कवडीपाटला दिसणारच. जुलैत दिसला तर तो जखमी तर नाही, हे आधी पाहावे. भोरड्या ऑगस्टपासून येऊ लागतात आणि हजारोंच्या थव्याने झाडांवर रात्र काढतात, तरी त्यांच्या गुलाबी अंगामुळे दर वर्षी कोणीतरी दुर्मिळ म्हणतोच. याउलट काही पक्षी फक्त वाटेवरचे असतात. युरोपीय नीलपंख पावसाळ्याच्या शेवटी आफ्रिकेकडे जाताना पश्चिम भारतातून जातो. तो काही दिवसच दिसतो, म्हणजे वाट चुकला असे नाही. मे-जूनमध्ये नवरंग शहरात खिडकीवर आपटून खाली पडलेला सापडतो तो प्रवासात असतो म्हणून. पावसाळी वादळाने मात्र समुद्रावरचे पक्षी खरेच आत ढकलले जातात. खडकवासल्यावर किंवा गच्चीवर थकलेला लांब पंखांचा काळपट पक्षी सापडला तर तारखेसोबत आधीच्या दोन दिवसांचे हवामानही लिहावे.

तिसरा प्रश्न, तो कमी आहे की कमी दिसतो? रातवे, पाणथळीत लपणारे पक्षी आणि घुबडे भरपूर असूनही नजरेस पडत नाहीत. पाषाण तलावाच्या काठच्या पाणवनस्पतींत काय काय दडलेले असते हे तिथे पहाटे तासभर गप्प बसल्याशिवाय कळत नाही.

चौथा प्रश्न जगाचा, आणि लोक नेमका तोच इतर तिघांत मिसळतात. नदी सुरय भिगवणच्या जलाशयावर नेहमी दिसतो, पण धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत तो ‘असुरक्षित’ (व्हल्नरेबल) जात आहे. बजरीगर गच्चीवर क्वचित दिसेल, ऑस्ट्रेलियात त्याचे थवेच्या थवे आहेत. गिधाडांचे उदाहरण तर डोळ्यांदेखतचे आहे. पांढऱ्या पाठीचे गिधाड एके काळी देशात इतके होते की कोणी त्याची गणती करत नसे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे, मेलेले जनावर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत गेली आणि १९९० च्या दशकापासून संख्या जवळजवळ संपली. जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. ज्या काळात गिधाड ‘नेहमीचे’ होते त्या काळातल्या नोंदी लोकांनी ठेवल्या असत्या, तर घसरण कदाचित लवकर लक्षात आली असती. म्हणून नेहमीच्या पक्ष्याची नोंदही तितक्याच काळजीने करावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

ठिकाण आणि काळ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आज घरबसल्या मिळतात. पक्षिनिरीक्षक आपल्या याद्या जिथे भरतात त्या ईबर्ड या संकेतस्थळावर पुणे जिल्हा निवडला की प्रत्येक जातीपुढे वर्षाचा पट्टा दिसतो, महिन्याचे चार भाग केलेला. पट्टा जाड तितकी ती जात जास्त याद्यांमध्ये नोंदलेली. तुमच्या तारखेला जागा रिकामी असेल तर थांबून विचार करावा. मात्र हा पट्टा पाहणाऱ्यांचाही आरसा आहे: जिथे आणि ज्या महिन्यात कोणी जातच नाही तिथेही तो रिकामाच दिसणार. अनपेक्षित नोंद भरली की संकेतस्थळ तपशील मागते आणि स्वयंसेवक परीक्षक ती तपासतात. तो अपमान समजू नये. ‘मी ओळखतो’ हा तपशील नाही. चोच, पाय, उड्डाण, आवाज आणि मिळत्याजुळत्या जाती कशावरून वगळल्या, हा तपशील.

पक्षी ओळखणारी मर्लिनसारखी अॅप्स कामाची आहेत, पण ती सुचवतात, सिद्ध करत नाहीत. ठिकाण चुकीचे भरले तर यादीच चुकीची येते. आवाजावरून ओळखताना आणखी एक गाठ असते: कोतवाल शिक्र्याची नक्कल करतो आणि हरेवा तर एका दमात चार-पाच पक्ष्यांचे आवाज काढतो. अॅपने शिक्रा म्हटले आणि झाडावर कोतवाल बसलेला, असे सहज घडते. आवाज काढणारा पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नोंद करू नये.

छायाचित्राबद्दल थोडे कठोर बोलायला हवे. मोबाइलचा झूम आणि त्यातली ‘सुधारणा’ पिसांचे तपशील स्वतः रचते. कृत्रिम बुद्धिमत्तेने धूसर फोटो स्पष्ट केला तर जी भुवई किंवा जे पट्टे दिसतात ते पक्ष्याचे असतीलच असे नाही. मूळ, न कापलेला, न सजवलेला फोटो जपून ठेवावा; धूसर असला तरी पुरावा तोच. एका सुंदर फोटोपेक्षा बाजूने, मागून, उडताना असे चार साधे फोटो अधिक उपयोगी. व्हिडिओ त्याहून चांगला, कारण त्यात आवाज आणि शेपटीची हालचाल येते. पायात धातूची कडी किंवा रंगीत पट्टी असेल तर आकडे-अक्षरे टिपावीत. कडीवर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे नाव असेल तर त्यांना कळवावे. भिगवणला येणाऱ्या पट्टकादंब हंसांकडे या दृष्टीने मुद्दाम पाहावे. या जातीच्या हंसांना मंगोलियात मानेभोवती रंगीत पट्ट्या घातल्या गेल्या आहेत आणि तसे हंस भारतात दिसले आहेत.

पुराव्याबाबत इतका आग्रह का, याचे उत्तर आपल्याच राज्यात आहे. वनपिंगळा या छोट्या घुबडाचा शेवटचा नमुना १८८४ मध्ये मिळाला आणि मग शंभर वर्षांहून अधिक काळ तो सापडला नाही. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचा दावा करून एक नमुना पुढे केला. तो संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना होता, नवी चिठ्ठी लावून सजवलेला. त्या खोट्या पत्त्यावर शोध घेणारे रिकाम्या हाताने परतले. तो दावा बाजूला ठेवून खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग काढल्यावर, नोव्हेंबर १९९७ मध्ये पॅमेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना तो शहाद्याजवळ दिसला. साध्या पिंगळ्याशी त्याचे बरेच साम्य आहे. पण त्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, छातीवर गडद रुंद पट्टे आणि तो भर दिवसा उघड्यावर बसणारा. एक खोटी नोंद एवढी दिशाभूल करते.

नोंद खरी ठरली, पक्षी खरेच दुर्मिळ निघाला, तर जबाबदारी वाढते. घरटे, घुबडाची दिवसाची बसण्याची जागा आणि माळावर जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची ठिकाणे छापू नयेत. तालुक्याचे नाव पुरे. फोटोतून नकाशावरची जागा उघड होते, तेव्हा समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी ती माहिती काढावी. मोबाइलवर हाक वाजवून पक्ष्याला जवळ बोलावणे विणीच्या काळात घातक आहे: नर प्रतिस्पर्ध्याला हाकलण्यात वेळ घालवतो आणि पिल्ले उपाशी राहतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधला आहे. आपले रानपक्षी पकडणे, पाळणे, अंडी-घरटी हलवणे त्याखाली गुन्हा आहे, हेही बातमीत एका ओळीत यावे. जखमी किंवा आपटून सुन्न झालेला पक्षी सापडल्यास हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाशी कापड घालून, अंधारात आणि शांत जागी ठेवावा. चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी मरतो. नुसता सुन्न असेल तर तासा-दोन तासांत सावरतो, मग उघड्यावर नेऊन झाकण काढावे. रक्त, लोंबता पंख किंवा मांजा दिसत असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने आपल्या वर्तमानपत्राला विनंती: ‘दुर्मिळ’ लिहिण्यापूर्वी बातमीदाराने मूळ छायाचित्र, तारीख, तालुका आणि अधिवास मागून घ्यावा, ईबर्डवरचा पट्टा तपासावा आणि अनुभवी निरीक्षकाला दाखवावे. दुर्मिळ असेल तर कशा अर्थाने, ते एका वाक्यात सांगावे: या ठिकाणी, या महिन्यात की जगातच. ओळख चुकल्याचे नंतर कळले तर दुरुस्ती त्याच पानावर छापावी. आणि ओळख पटलीच नसेल तर तसेच लिहून छायाचित्र छापावे, वाचकही विचार करतील. पानांत लपणाऱ्या हिरवट वटवट्यांच्या बाबतीत तर मुरलेल्या निरीक्षकांच्या वह्यांतही ‘पर्ण वटवट्या, जात अनिश्चित’ अशीच नोंद असते.

कळावे,
आपले,
पुण्यातील काही पक्षिनिरीक्षक